तेविसावा फोटो

प्रेअरी बेंड, आयोवा
९ फेब्रुवारी १९८८

श्री. सिमिओन रिझु यांस,

तुम्ही मला ओळखत नाही आणि मी तुम्हाला, तेव्हा आधी ओळख करून देते. मी लॉर्ना व्हिटकम. वय पन्नास. इथल्या शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करते. माझे बाबा, ऑर्विल, युद्धात नौदलाच्या बांधकाम पलटणीत बुलडोझर चालवायचे. त्या पलटणीचं वार्तापत्र अजून घरी येतं. बाबा आता वाचत नाहीत. मीच वाचते, कोण कोण गेलं ते बघायला. या खेपेला शेवटच्या पानावर तुमची विनंती होती. १९४३ साली हुकुरापा बेटावर धावपट्टी बांधणाऱ्यांपैकी कुणाकडे फोटो असतील, विशेषतः पूर्वेच्या टोकाचे, तर कळवा म्हणून.

हुकुरापा! अहो, हा शब्द मी लहानपणापासून ऐकतेय. बाबा युद्धाबद्दल दोनच गोष्टी बोलायचे. एक, तिथला चिखल. दुसरी, डब्यातलं मांस. बाकी तोंडाला कुलूप. पण त्यांनी एक अल्बम जपून ठेवलाय. काळी पानं, पांढऱ्या शाईने घातलेले नंबर, आणि झाकणाच्या आत कुठल्या नंबरात काय आहे त्याची यादी. गावातल्या फोटोवाल्याकडून मी सगळ्यांच्या प्रती काढून घेतल्यात, त्या सोबत पाठवतेय. यादी माझ्या हाताने उतरवलीय, अक्षर गोड मानून घ्या.

बाबा वृद्धाश्रमात आहेत, डोकं कधी जागेवर असतं, कधी नसतं. तुमच्या गावाचं नाव घेतलं तर म्हणाले, "पाऊस थांबला का?"

फोटो उपयोगी पडले तर मला बरं वाटेल. इथे तर ते नुसते कपाटात पडून होते.

आपली,
लॉर्ना व्हिटकम


हुकुरापा, सॉलोमन बेटे
२८ मार्च १९८८

लॉर्नाबाई,

पाकीट पोचलं. टपाल आमच्याकडे बोटीने येतं आणि बोट तिला वाटेल तेव्हा येते, म्हणून उशीर.

चाळीस फोटो! चर्च सुटल्यावर मी ते ओट्यावर मांडले आणि अख्खं गाव लोटलं. आमच्याकडे त्या वर्षाचा एकही फोटो नाही. आम्ही तेव्हा डोंगरात पळालो होतो. मी बारा वर्षांचा होतो. परत आलो तर बेट ओळखू येईना, जणू कुणी दाढी करून टाकलीय.

तुमच्या वडिलांच्या यादीत थोडी दुरुस्ती करतो. मी सदतीस वर्षं मास्तरकी केली, लाल शाई हातातून सुटत नाही. नऊ नंबरवर लिहिलंय, "मासे विकणारा बेटवाला." तो माझा काका योना. तो विकत नव्हता. तुमच्या लोकांनी पाण्यात स्फोट करून मासे मारले होते, ते तो वेचत होता. सतरा नंबरवर "हसरी बाई" आहे. ती माझी मावशी, आणि ती हसत नाहीये, तिचे दात दुखतायत. तिची नात फोटो बघून इतकी रडली की आम्हाला तो तिला देऊन टाकावा लागला.

आता दोन गोष्टी.

पहिली, मी फोटो का मागितले. धावपट्टीचं पूर्वेचं टोक आता विमानांना लागत नाही. सरकार ते मूळ मालकांना परत देणार आहे. मालक कोण यावर वाद आहे. आम्ही म्हणतो आमचं घराणं. होशाया बोसो म्हणतो त्याचं. होशाया आणि मी मिशनच्या शाळेत एका बाकावर बसायचो. गेली अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. नोव्हेंबरात पंच जागेवर येऊन सुनावणी घेतील. माझ्या धाकट्या मुलाने तिथे घर बांधलंय, टॅपिओका लावलाय. निकाल विरुद्ध गेला तर त्याला बायकोपोरांसकट उठावं लागेल.

दुसरी. तुमच्या यादीत बाविसानंतर चोवीस येतो. शेवटचा नंबर एक्केचाळीस आहे, फोटो मात्र चाळीस. तेवीस कुठे गेला?

सिमिओन रिझु


प्रेअरी बेंड
२ मे १९८८

रिझुमास्तर,

तुमचं पत्र वाचून मला माझ्या गणिताच्या बाई आठवल्या आणि हाताला घाम सुटला.

तेविसाचं काय विचारताय! तो खराब झालाय. आमचं तळघर ओलं, त्यात उंदीर. कडेने कुरतडलाय, मधे बुरशी. काहीच दिसत नाही. म्हणून नाही पाठवला. यादीत लिहून तुमची उगाच निराशा कशाला करायची, म्हणून तिथूनही गाळला. बस, एवढंच.

मावशीबाईंच्या दातांचं वाचून इतकं हसले, आणि मग वाईट वाटलं. बाबांना दाखवला तो फोटो. त्यांनी बराच वेळ बघितला. मी म्हटलं, "बाबा, तिचे दात दुखत होते." तर म्हणाले, "आम्ही कुणाला कुठे काय विचारलं?"

तुमच्या मुलाचं सगळं नीट होवो. पंचांना नेमकं काय दाखवावं लागतं? कळलं तर मी बाकीच्या चाळिसात भिंग लावून शोधेन. माझा भाऊ डेल म्हणतो, मी नसत्या उठाठेवी करते. करते तर करते.

लॉर्ना


हुकुरापा
११ जून १९८८

लॉर्नाबाई,

तुमच्याकडचा उंदीर चांगला शिकलेला दिसतो. एक्केचाळिसांतून नेमका एक निवडून खाल्ला. असो. मी काही बोलत नाही.

पंच कागद मागत नाहीत. कागद इथे होते कुणाकडे? ते एकच विचारतात, "तुमचे पूर्वज कुठे आहेत?" ज्याच्या पूर्वजांचं घर जिथे, त्याची जमीन तिथे.

हे घर म्हणजे तुम्हाला वाटेल तसं नाही. मिशन यायच्या आधी आमच्याकडे मोठा माणूस गेला की त्याची कवटी धुऊन, उन्हात वाळवून, समुद्रकाठी दगडांच्या चौथऱ्यावर छोट्या लाकडी घरात ठेवत. तुमच्या चर्चमध्ये तुम्ही नावं कोरून ठेवता ना, तसंच हे. आम्ही माणूसच ठेवतो. कपाळावर त्याचं शिंपल्याचं पांढरं कडं. दगडासारख्या जुन्या शिंपल्यातून घासून काढलेलं, मनगटात जाईल एवढं. आता आम्ही सगळे ख्रिस्ती, मी तर चर्चचा वडीलधारा, पण मासेमारीला निघताना तिकडे तोंड करून एक शब्द बोलल्याशिवाय होडी लोटत नाही. पाद्रीसाहेबही बोलतात, आम्ही बघितलंय.

माणूस आत ठेवायची रीत अशी. कवटी हातात धरतो वंशातला माणूस. कडं धरून मागून चालतो दुसऱ्या घराण्यातला, साक्षीदार म्हणून. दारात थांबून वंशातला त्याला नावाने हाक मारतो. नाव माहीत नसेल तर आत ठेवता येत नाही. मग तो बाहेरच राहतो.

पूर्वेच्या टोकावर असं एक घर होतं. त्यात चौदा जण होते. माझ्या वडिलांनी मला शपथेवर सांगितलं की ते आमचं. होशायाच्या वडिलांनी त्याला शपथेवर सांगितलं की ते त्यांचं. आम्ही पोरं, आम्हाला तिथे जायची बंदी. मग बुलडोझर आला. चौथरा गेला, ओढा गेला, झाडं गेली. राहिला तो पाण्यातला दोन डोक्यांचा खडक. खडकापासून बोटीच्या धक्क्याकडचं सगळं होशायाचं, यावर माझंही दुमत नाही. खडकाच्या अलीकडचं आमचं. वडील म्हणायचे, घर खडकाच्या शंभर पावलं अलीकडे.

तेव्हा एकच बघा. दगडांचा चौथरा, वर ठेंगणं घर, आणि जवळ तो खडक. कुठल्याही फोटोच्या कोपऱ्यात असेल तरी चालेल.

सिमिओन


प्रेअरी बेंड
२० जुलै १९८८

रिझुमास्तर,

उंदीर नव्हता. बुरशीही नव्हती. तुम्हाला ते कळलंच होतं म्हणा.

तेविसावा फोटो सोबत आहे. प्रत नाही, मूळच पाठवतेय, कारण फोटोवाल्यापुढे तो ठेवायची मला लाज वाटली. पाकीट फोडताना घरात एकटे असाल तर बरं.

फोटोत बाबा आहेत. उघडेबंब, डोक्यावर टोपी, तोंडभर हसू. हातात एक कवटी आहे आणि तिच्या तोंडात त्यांनी सिगारेट खोचलीय. मागे लिहिलंय, "माझा पहिला जपानी."

आता तुम्हाला कळेल मी का लपवला. मी लहानपणापासून हेच धरून चालले की माझ्या बाबांनी एका माणसाला मारलं आणि वर त्याच्याशी असा खेळ केला. हेच बाबा वासरू मेलं तर जेवायचे नाहीत, हो! मला दोन्ही जुळवताच यायचं नाही. म्हणून मी ते पान चिकटवून टाकलं होतं. तुमच्यासाठी यादी उतरवताना हात आपोआप तेविसावरून पुढे गेला.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी शाळेत उन्हाळी वर्गाच्या दोनशे मुलांसाठी मक्याचा पाव भाजत होते. मधल्या सुट्टीत वाचलं. कपाळावरचं पांढरं कडं. पाव जळाला, मुलांनी बोंब मारली. मी तडक घरी आले आणि पान सुरीने सोडवलं.

कवटीच्या कपाळावर कडं आहे, मास्तर. मी इतकी वर्षं त्याला पट्टी समजत होते.

तो जपानी नाही ना? तो तुमचा आहे.

आणि हो, तुमच्या कामाचंही आहे त्यात! बाबांच्या मागे दगडांचा चौथरा, वर ठेंगणं लाकडी घर, दार उघडं. फोटोच्या अगदी कडेला पाण्यात तो दोन डोक्यांचा खडक. घराच्या लगेच पलीकडे लाकडी धक्का, त्यावर पिंपं. सगळं इतकं स्पष्ट आहे की पंचांना चष्मासुद्धा लागणार नाही. निदान एवढं तरी चांगलं झालं म्हणायचं.

त्या कवटीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

मला माफ करा म्हणायची हिंमत नाही, पण म्हणते.

लॉर्ना


हुकुरापा
२५ ऑगस्ट १९८८

बाई,

फोटो मिळाला.

सिगारेटबद्दल मी काही लिहीत नाही. लिहायला बसलो होतो, तीन पानं झाली, चुलीत घातली.

तुम्ही पाच महिने माझ्यापासून फोटो लपवलात, वर बुरशीच्या गोष्टी सांगितल्यात. मी तुम्हाला आमच्या घरातलं सगळं सांगत होतो आणि तुम्ही पान चिकटवून बसला होतात. मुलं खोटं बोलतात तेव्हा मी त्यांना अंगठे धरून उभं करायचो. तुम्हाला काय करू?

आता एक विचारतो, खरं उत्तर द्या. फोटोत तुमच्या वडिलांच्या पायाशी पिशवी आहे, तिचं तोंड उघडं आहे. तुम्ही लिहिता, पुढे काय झालं माहीत नाही. माझा विश्वास बसत नाही. कवटी कुठे आहे?

सिमिओन रिझु


प्रेअरी बेंड
१९ सप्टेंबर १९८८

रिझुमास्तर,

अंगठे धरूनच लिहितेय असं समजा.

कवटी आमच्या परसात आहे. म्हणजे होती. लायलॅकच्या झाडाखाली. बाबा युद्धावरून आले तेव्हा मी सात वर्षांची. पिशवीतून टोप्या निघाल्या, शिंपले निघाले, आणि तो निघाला. आई किंचाळली नाही. तिने टेबलावरची चादर ओढली, त्यात त्याला गुंडाळलं आणि कुदळ घेऊन बाहेर गेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. आईने खड्ड्यापाशी उभं राहून प्रार्थना म्हटली, तोंडपाठ होती तेवढी. आत आली, हात धुतले आणि बाबांना म्हणाली, "या घरात याचा शब्द पुन्हा निघाला तर मी माहेरी जाईन." निघाला नाही. पुढे तिने त्यावर लायलॅक लावलं. माझ्या लग्नात फुलं त्याच झाडाची होती. आता सांगा, हे मी कुणाला कसं लिहायचं होतं?

तुमचं पत्र आल्यावर मी बाबांकडे गेले. फोटोची गोष्ट काढली. मला वाटलं, कळायचंच नाही त्यांना. पण त्या दिवशी डोकं अगदी स्वच्छ होतं. मी विचारलं, "बाबा, तुम्ही त्याला मारलंत?"

"कुणाला?"

"जपान्याला."

ते म्हणाले, "मी आख्ख्या लढाईत जपानी बघितला नाही गं, लॉर्ना. मी फक्त माती लोटली."

मग तुकड्यातुकड्याने बोलले. तिथे एक छोटं घर होतं. त्यांनी साहेबाला जाऊन सांगितलं, आत माणसं आहेत, म्हणजे होती. साहेब म्हणाला, दुपारच्या आत जागा सपाट पाहिजे. "एकाला बाहेर काढलं. सगळ्यांना काढायला वेळ नव्हता." मी म्हटलं, "मग त्याच्या तोंडात सिगारेट का घातलीत?" तर म्हणाले, "पलटणीतली पोरं बघत होती." आणि रडायला लागले. पंचाहत्तर वर्षांचा म्हातारा, नाक पुसायला रुमाल सापडेना. त्यांनी त्याला वाचवलं की लुटलं, मला अजून ठरवता येत नाही. मला वाटतं, त्यांनाही नाही.

खणायचं म्हटल्यावर डेल भडकला. "बाबा जिवंत असताना त्यांचं नाव वेशीला टांगतेस?" मी म्हटलं, "कुदळ देतोस की मी हाताने खणू?" दिली शेवटी. चादरीचे धागे उरलेत. तो आहे, कडंही आहे. धुतलं तर कालच घासल्यासारखं पांढरं. मी त्याला आईच्या हॅटच्या पेटीत मऊ कापडात ठेवलंय. स्वयंपाकघरात ठेवलंय, तळघरात नाही.

आता काम असं आहे. राज्याच्या कचेरीतला तरुण मुलगा येऊन गेला, भला आहे. पेटी तुमच्याकडे पाठवता येईल, पण एक फॉर्म लागतो. पाठवतेय. त्यात घेणाऱ्याचं नाव, मृताचं नाव आणि मृताशी नातं लिहून सही करायची. तुमचं नाव मी भरणार होते, पण तो म्हणाला, ज्याचं आहे त्यानेच भरायला हवं.

भरून लवकर पाठवा. सुनावणीला शुभेच्छा. फोटो दाखवलात की होशायाचं तोंड बंद होईल!

लॉर्ना


प्रेअरी बेंड
२१ नोव्हेंबर १९८८

रिझुमास्तर,

दोन महिने झाले, तुमचं काहीच नाही. सुनावणी झाली असेल ना? बोट बुडाली की तुम्ही माझ्यावर कायमचे रागावलात? रागावला असाल तर तसं लिहा, पण फॉर्म तेवढा पाठवा. बाबा दर वेळी विचारतात, "गेला का तो घरी?" मी सांगते, निघतोय. आता मला त्यांच्याशी खोटं बोलवत नाही.

लॉर्ना


हुकुरापा
१८ डिसेंबर १९८८

लॉर्नाबाई,

बोट बुडाली नाही. मी बुडालो होतो.

तुमच्या जुलैच्या पत्रात तुम्ही आनंदाने लिहिलंत की घराच्या लगेच पलीकडे धक्का आणि कडेला खडक. तुम्ही ते वाचून पुढे गेलात. मी तिथेच अडकलो. घर खडक आणि धक्का यांच्या मधे आहे. म्हणजे होशायाच्या बाजूला. शंभर पावलं अलीकडे नाही, पन्नास पावलं पलीकडे. माझे वडील चुकले, किंवा खोटं बोलले. मी भिंगाने बघितलं, उलटं धरून बघितलं. खडक काही हलेना.

तुम्हाला खरमरीत पत्र लिहिलं तेव्हा हे मला माहीत होतं. म्हणूनच ते इतकं खरमरीत झालं.

फोटो मी स्तोत्रांच्या पुस्तकात ठेवला. नोव्हेंबरच्या दहा तारखेला पंच आले. सगळं गाव मागे. थोरल्या पंचांनी विचारलं, "मास्तर, तुमच्या पूर्वजांचं घर कुठे?" माझा धाकटा मुलगा शेजारी उभा होता, त्याच्या कडेवर त्याची मुलगी. मी हात केला. अलीकडे. होशाया ओरडला, "खोटारडा! चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो आणि खोटं बोलतो!" पंच त्याच्यावरच डाफरले. म्हणाले, "सदतीस वर्षं ज्याने आमच्या मुलांना शिकवलं, तो कशाला खोटं बोलेल?" निकाल आमच्या बाजूने लागला. डुक्कर कापलं, भट्टीत भाजलं. सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या. माझं ताट तसंच राहिलं, तर बायको म्हणाली, आनंदाने पोट भरलंय यांचं.

मग राहिला तुमचा फॉर्म. घेणाऱ्याचं नाव लिहिलं, सिमिओन रिझु. नातं लिहिलं, पणतू. खोटं एकदा बोललं की पुढचं सोपं जातं, हे मुलांकडून ऐकलं होतं, ते पटलं. राहिलं फक्त मृताचं नाव. तिथे पेन थांबलं. आमच्या घराण्यातली सगळी नावं मला पाठ आहेत, त्यातलं कुठलंही खपलं असतं. तुमच्या कचेरीला काय कळतंय? पण तो इथे आल्यावर दारात उभं राहून मी त्याला काय हाक मारणार होतो? भलत्याच्या नावाने हाक मारली तर तो आत येईल कसा? त्रेचाळीस वर्षं तुमच्या लायलॅकखाली बिननावाचा पडून होता. मी त्याला इथे आणून पुन्हा बिननावाचाच ठेवणार होतो, तेही जमिनीच्या एका तुकड्यासाठी.

अकरा दिवस मी फॉर्म खिशात घालून हिंडलो. तुम्ही पान सुरीने सोडवलंत ते आठवत होतं. मी तुम्हाला अंगठे धरायला लावणार होतो, नाही का?

बाराव्या दिवशी होशायाच्या घरी गेलो. तो जाळं शिवत बसला होता. वर न बघता म्हणाला, "काय? आता हे घरही तुझंच, असं सांगायला आलास?"

मी फोटो त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने बघितला. सिगारेट बघितली. खडक बघितला. मग परत कवटीकडे बघत राहिला.

"हा कधीपासून आहे तुझ्याकडे?"

"ऑगस्टपासून."

"म्हणजे सुनावणीच्या वेळी होता."

"होता. स्तोत्रांच्या पुस्तकात, हातातच होता."

मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "शाळेत तुझी पाटी बघून लिहायचो तेव्हा मला वाटायचं, सिमिओन कधी चुकत नाही. गाढवा, जिंकला होतास की! गप्प बसायचं होतंस!" आणि त्याने कड्यावर बोट ठेवलं. त्यावर तीन खाचा आहेत, मी त्या कधी मोजल्याच नव्हत्या. म्हणाला, "तीन खाचांचं कडं एकाचंच. वडील सांगायचे. कपाळमोक्ष झाला तरी ते कडं सोडायचा नाही, असा हट्टी." मग त्याने नाव सांगितलं आणि आम्ही दोघे रडलो. दोन म्हातारे, एका जाळ्यात पाय अडकलेले. त्याची सून पाणी घेऊन आली आणि तशीच परत गेली.

पंचांना मी सगळं सांगितलं आहे. फेब्रुवारीत पुन्हा बसतील, निकाल फिरेल. थोरले पंच रस्त्यात भेटले तर आता मान वळवतात. चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसतो. धाकटा मुलगा माझ्याशी बोलत नाही. त्याची बायको बोलते, तेही फक्त मीठ मागायला. होशाया म्हणतो, टॅपिओका निघेपर्यंत पोराला राहू दे, जून-जुलैपर्यंत. त्यापुढचं बघू. त्यापुढचं काय, ते त्यालाही माहीत नाही आणि मलाही.

तुमच्या वडिलांना सांगा, त्या घरात चौदा होते. तेरा धावपट्टीखाली आहेत, आठवड्यातून दोनदा विमान त्यांच्या डोक्यावरून उडत जातं. ते मी त्यांना माफ करू शकत नाही, तो माझा अधिकारही नाही, तेरा होशायाचे आहेत. पण चौदाव्याचं नाव त्यांना वाचून दाखवा. इतकी वर्षं तुमच्या घरी राहिला, निदान नाव तरी कळावं.

फॉर्म सोबत आहे. माझ्या अक्षरातलं खोडलेलं दिसेल, ते तसंच राहू द्या. घेणाऱ्याचं नाव होशाया बोसो. नातं पणतू. मृताचं नाव त्याने स्वतः लिहिलंय, अक्षर शाळेत होतं तसंच गचाळ आहे, पण वाचता येतं. केनिझामा.

सही करून झाल्यावर तो मला म्हणाला, "मी त्याला धरीन. कडं तू धरायचंस."

मी म्हटलं, "होशाया, मी खोटी साक्ष दिलीय. दुसऱ्या कुणाला सांग."

म्हणाला, "एकदा खोटी दिलीस, आता खरी दे. दुसरा कोण आहे इथे, ज्याला सगळं माहीत आहे?"

पेटी कुठल्या बोटीवर चढवली ते तारेने कळवा. आम्ही दोघेही धक्क्यावर असू.

सिमिओन